डबीतला हिरवा दिवा

३ मार्च, सोमवार

पुन्हा तापली! टेबलावर मोकळी ठेवली की चार्जिंगची कॉइल शहाण्यासारखी चालते. पाच व्होल्ट, काही तक्रार नाही. बॅटरीला चिकटवून यंत्राच्या डबीत घातली की चटका बसेल इतकी गरम. आणि ही डबी बाबांच्या शर्टाच्या खिशात, छातीवर राहणार आहे.

बाजारातली ऐकू येण्याची, कानामागची यंत्रं इवलीशी. बाबांचे हात थरथरतात — तीन हरवली. खिशातलं मोठं यंत्र आणलं, तर चार्जरची पिन खोचता येत नाही. नुसतं चार्जिंगच्या पॅडवर ठेवलं की चार्ज व्हावं, एवढंच तर करायचंय!

४ मार्च

ताईचा फोन. 'शनिवारपर्यंत बघ. नाहीतर वृद्धाश्रमात जागा आहे, मी हो म्हणून टाकते.' तिचं चुकत नाही. मी दिवसभर कामावर. मागच्या महिन्यात मी फोन करून करून दमलो, शेजाऱ्यांनी दार बडवलं, शेवटी कडी तोडली. आत बाबा शांतपणे पेपर वाचत होते! उद्या खरंच पडले तर?

वृद्धाश्रमाचं त्यांच्याशी बोललो नाही. म्हणजे पाटीवर लिहिलं नाही. आमचं बोलणं सध्या पाटीवरच.

५ मार्च

बॅटरी आणि कॉइलच्या मध्ये चुंबकी लहरी अडवणारा फेराइटचा पातळ तुकडा घातला. तापणं थांबलं!! पण व्होल्टेज कोसळलं. अकरा कपॅसिटर बदलून झाले. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस समोर बसून बघतोय, आणि त्याच्या पोराला एक डबी जमत नाही. लाज वाटते.

लहानपणी त्यांनी शिकवलेलं पहिलं — 'एलईडी दिव्याचा लांब पाय प्लसला. उलटा लावलास तर पेटणार नाही.' तेव्हा सगळं केवढं सोपं होतं.

६ मार्च

बाराव्या कपॅसिटरला जमलं असं वाटलं. घाईघाईत दिव्याचे पाय छाटले, सोल्डरचा डाग दिला, गोंद ओतून डबी कायमची बंद केली — बाबा चहा सांडतात म्हणून. पॅडवर ठेवली. हिरवा दिवा लागला की समजायचं, चार्ज होतंय. दोन तास टक लावून बसलो.

नाही लागला.

७ मार्च, शुक्रवार

सकाळीही पॅडवर अंधारच. संपलं. बाबांनी सवयीनं यंत्र उचलून खिशात टाकलं, वायरचं टोक कानात घातलं. बंद यंत्रही त्यांना लागतंच, नाहीतर म्हणे चुकल्या-चुकल्यासारखं होतं. मी काही विचारलंही नाही. काय विचारणार!

तिथंच उभ्या उभ्या ताईला फोन लावला. 'हो म्हणून टाक,' म्हटलं. 'दमलो मी. घरात माणूस नाही, भिंत आहे. भिंतीची सेवा किती करायची?'

'अरे हळू! ते तिथंच असतील ना?'

'ऐकू कुठं येतंय त्यांना!'

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर नेहमीसारखाच थरथरत होता. बोलून हलकं वाटलं खरं. मग न्हाणीघरात जाऊन रडलो.

८ मार्च, शनिवार

उठलो तर दाराशी बाबांची बॅग भरलेली. पाटी शोधता शोधता, त्यांच्याकडे पाठ करूनच पुटपुटलो, 'आता ह्यांना कुणी सांगितलं?'

'तूच की,' बाबा मागून म्हणाले. 'यंत्र झकास झालंय रे. दिवा तेवढा उलटा बसलाय.'