मोहाच्या फुलांची वाइन

सर,

लगागा लगागा लगागा लगागा. ॲल्युमिनियमच्या पेल्यावर तुमची बोटं वाजायची ती अजून ऐकू येतात. लघूला बोटाचं नुसतं टोक, गुरूला अंगठी. किनवटच्या आश्रमशाळेत तुम्ही मराठीचे थोरले शिक्षक आणि मी नुकताच लागलेला, बावीस वर्षांचा, कवितेनं पुरता खुळावलेला. रविवारी दुपारी आपण शाळेमागच्या वस्तीवर जायचो. तिथली गोंड म्हातारी, जिला सगळी शाळा आजी म्हणायची, मोहाची काढायची. आधी चार थेंब जमिनीवर, तिच्या गेलेल्या माणसांच्या नावानं. मग एक घोट स्वतः. मग पेला तुमच्या हातात. मला अर्धाच मिळायचा. तुम्ही डोळे मिटून कविता म्हणायचात, आजी मान डोलवायची आणि तिच्या कोंबड्या तुमच्या धोतराभोवती दाणे टिपायच्या. त्या धुरकट, आंबूस वासात मला जगातली सगळी वृत्तं सोपी वाटायची.

ही गोष्ट मी घरी किती वेळा सांगितली असेल! जेवताना, पाहुण्यांसमोर, नातवंडांना. आता त्याचं काय झालं ते सांगतो. मुलानं नांदेड रोडवर हॉटेल बांधलंय. परवा मला लातुरातून गाडीत घालून घेऊन गेला, एसीत बसवलं आणि लांब दांड्याचा काचेचा पेला पुढं ठेवला. ‘चाखा बाबा. दारू न्हाई, वाइन हाय. मोहाच्या फुलांची.’ एक घोट घेतला. खोकल्याच्या औषधात गुलाबाचं अत्तर ओतावं तशी चव. जिभेवर साखरेचा चिकटा बसला तो घरी येऊन चूळ भरली तरी जाईना. वर त्यानं एक गुळगुळीत कार्ड हातात दिलं. त्यावर माझीच वाक्यं छापलेली. आजीचं अंगण, कोंबड्या, मिटलेले डोळे. खाली मोठ्या अक्षरांत: ‘सरांचा पेला. रविवारच्या गोड आठवणी.’ स्वतःचं उष्टं कुणी चांदीच्या ताटात परत वाढावं, तसं वाटलं.

‘आन् इथं सरांचा मोठा फोटो,’ मुलगा भिंतीकडं बोट करून म्हणाला. ‘उद्घाटन तुमच्या हातानं.’

मी म्हणालो, ‘दारूच्या दुकानात मास्तराचा फोटो लावतोस? लाज वाटत न्हाई?’

‘त्यात काय लाज? सर काही दारूनं गेले का? काविळीनं गेले. तुम्हीच सांगता.’

पोराचं बरोबर आहे, सर. मीच सांगतो.

आजीचा एक नियम होता. प्यायची ती तिच्या अंगणात, बसून. ‘घरी न्यायची न्हाई मास्तर. हितं मी हाय, किती झाली ते मी बघते.’ तो नियम मी मोडला. रविवार ते रविवार तुम्हाला जड जातो, हे मला दिसत होतं; वर्गात कविता रेंगाळत होत्या. मी आजीला सांगितलं, सरांचे गुडघे धरलेत, चोळायला पाहिजे. तिनं विश्वासानं सरबताची रिकामी बाटली भरून दिली. दर बुधवारी निबंधाच्या वह्यांखाली लपवून मी ती तुमच्या घरी पोचवायचो आणि गुरुसेवा केली म्हणून छाती फुगवून परतायचो. पुढं एका रविवारी आजीनं विचारलं, ‘गुडघे कसे हाईत मास्तर?’ तुम्ही माझ्याकडं बघून इतके हसलात की ठसका लागला. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज शिसारी येते.

यातलं काही कार्डावर नाही. तुमचे सुजलेले पाय नाहीत. तुम्ही फळ्याकडं वळलात की पहिल्या बाकावरची पोरं नाकाला सदरा लावायची, ते नाही. सहामाहीच्या पेपरांवर तुम्ही ओकलात, तेव्हा वहिनींनी एकेक पेपर ओल्या फडक्यानं पुसून दोरीवर वाळत घातला होता. मी आलो तर म्हणाल्या, ‘पोरांचे मार्क बुडू नयेत.’ मग फडकं पिळता पिळता त्यांनी विचारलं, ‘भाऊजी, कोण आणून देतं हो यांना? एकदा कळू द्या, त्याच्या तोंडात शेण घालते.’ बगलेत वह्या, वह्यांखाली बाटली. मी म्हणालो, ‘काय की वहिनी.’

पन्नास वर्षं मी तेवढंच म्हणत आलो आहे. उद्या सकाळी फोटो लागणार. त्याआधी पोराला सगळं सांगायचं, असं ठरवून हा कागद घेतला; तुम्हाला लिहिलं की त्याला सांगणं जमेल, असा हिशेब. आणखी एक सांगून टाकतो. त्या गुळमट वाइनला नावं ठेवली, पण पेला मी संपवला. तळाशी आलो तेव्हा बोट आपोआप काचेवर वाजलं आणि मला बरं वाटलं. त्याचीच सगळ्यात जास्त किळस आहे.

बाहेर रिक्षा थांबली आहे. खिडकीतून बघतो तर वहिनी. नांदेडहून, या वयात, एकट्या. रिक्षावाला कोपराला धरून उतरवतोय. छातीशी जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी चौकोनी आहे.

‘भाऊजी, हाईत का घरात? फोटो आणलाय यांचा. तुमच्या पोराचा फोन आलता, सरांच्या नावानं काय की उघडून राहिला म्हणे. वाचनालयच असंल! म्हणलं, कुरिअरनं कशाला, आपणच जावं.’

कडी वाजते आहे. घरात दुसरं कुणी नाही. उठावं लागू नये म्हणून ही ओळ मी लांबवतो आहे, सर.