भिंतीलगतचा ढीग

ता. ६ मार्च

चि. छोटू यास अ. उ. आ.

एकाच अंगणात राहणाऱ्या भावाला बहिणीने पोस्टाने पत्र पाठवावं, याचं तुला हसू येईल. पण परवा मी कुंपणाशी उभी राहून हाक मारली, तेव्हा तू नळ तसाच वाहता ठेवून आत गेलास आणि दार लावून घेतलंस. पोस्टमनला तरी दार उघडशील.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून तू खताच्या नादाला लागलास, चांगलं आहे. माणसाला काहीतरी उद्योग हवाच. पण तुझं खत म्हणजे कापलेलं ओलं गवत आणि भाजीची देठं माझ्या शिवणाच्या खोलीच्या खिडकीखाली आणून ओतायची, एवढंच मला दिसतं. गवताचा काळा चिकट गोळा झालाय आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटलाय. भिंतीला ओल चढली आहे ती वेगळीच. काल एक बाई कोटाचं माप द्यायला आली. नाकावरचा रुमाल काही सोडेना. दोन्ही हात वर करा म्हटलं, तर एकच करी. त्यामुळे कोटाची एक बाही आखूड झाली, आणि बोल मला लागला. पांढऱ्या कापडावर माशा अशा बसतात की वाटावं, मीच ठिपके भरले आहेत.

ढीग तिथून हलव. विनंती म्हणून सांगते आहे, ती पहिली आणि शेवटची.

माया आहेच, पण सध्या नाक धरून करावी लागते.

तुझी ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पावलं. पोस्टमन ते देताना हसत होता. सगळ्या गल्लीत आपली शोभा करायची हौस तुला पहिल्यापासूनच.

ढीग हलणार नाही. आमच्या बाजूला सावली तेवढीच आहे. बाबांच्या मागे घराचे दोन भाग झाले, तेव्हा रस्त्याकडचा भाग हवा म्हणून हटून बसली होतीस ती तू. मागच्या भिंतीपलीकडे काय ठेवायचं ते मी ठरवीन.

आणि वासाचं मला सांगतेस? तुझ्या बदामाची थाळ्याएवढी पानं आमच्या हिरवळीवर पडतात ती पडतात, वर रोज सकाळी तू ड्रममध्ये पालापाचोळा पेटवतेस. तो धूर थेट आमच्या झोपायच्या खोलीत येतो. थंडीपासून हिचा खोकला हटत नाही. जिना चढताना मध्येच बसते. घरात धूर असतो का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काय सांगणार होतो? आमच्याकडे नाही हो, सख्ख्या बहिणीकडून येतो?

मंगळवारी कुणीतरी ढिगावर फिनेल ओतलं. सगळी गांडुळं मेली. ते कुणी केलं ते मी लिहीत नाही. वासावरून कळतं.

लोभ मागायचं धाडस नाही. काडेपेटी तेवढी घरात ठेव.

तुझा छोटू


ता. १९ मार्च

छोटूस,

आशीर्वाद मागच्या पत्रात दिले होते, तेच पुरवून वापर.

फिनेल मीच ओतलं. नाव घ्यायला लाजतोस कशाला? डबा संपलाय, नवा आणणार आहे. पाला जाळते, कारण धुराने माशा जातात, आणि माशा तुझ्या ढिगाच्या आहेत. ढीग हलला की ड्रम विझेल. आधी नाही.

बायकोचा खोकला माझ्या माथी मारतोस, पण रोज सकाळी त्या घाणीत फावडं घेऊन कोण उभं असतं ते मला खिडकीतून दिसतं. तू वर गॅलरीत खुर्ची टाकून, खालचं वर कर, वरचं खाली कर, असे हुकूम सोडत असतोस. खत तुझं आणि कंबर तिची.

या पत्राला उत्तर नको. ढीग हलला की मला दिसेलच.

ताई


ता. ८ एप्रिल

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या बहिणीच्या घरून लिहिते आहे. दवाखान्यातून मी इथेच आले. याच मजकुराची नक्कल तुमच्या भावालाही पाठवली आहे. एकाला गोड आणि एकाला कडू असं नको.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हा दोघांना नीट आठवत असेल असं वाटत नाही, म्हणून लिहिते. मी ढीग उपसत होते. वरचा थर वाळून त्यावर पांढरी बुरशी आली होती, फावडं घातलं की पिठासारखी उडायची. तेवढ्यात तुम्ही ड्रम पेटवलात. हे गॅलरीतून तुमच्यावर ओरडले, तुम्ही खिडकीतून यांच्यावर. मला श्वास घेता येईना, म्हणून मी कुंपण धरलं, मग खाली बसले. माझ्या डोक्यावरून तुमचं चालूच होतं. फाटक उघडून मला उचललं ते पोस्टमनने. यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र त्याच्या हातातच होतं.

डॉक्टरांनी धुराचं विचारलं, तसं मी रोज कशात हात घालते तेही विचारलं. कुजक्या पानांवरच्या बुरशीची धूळ छातीत बसली होती, आणि धुराने ते दुखणं चिघळलं. औषधांनी उतार पडेल, पण दम पहिल्यासारखा राहणार नाही, असं ते म्हणाले. म्हणजे धूर वाईट हे यांचं खरं निघालं, आणि ढीग वाईट हे तुमचं. दोघांचंही अभिनंदन.

ढीग टाकीजवळच्या कोपऱ्यात न्या, असं मी यांना दोन वर्षं सांगते आहे. नुसतं ओलं गवत टाकलं तर ते सडतं. त्यात सुका पाला मिसळायचा, वरून गोणपाट घालायचं, हलवण्याआधी पाणी शिंपडायचं. सगळं यांच्याच पुस्तकात आहे, फक्त पानं उलटायची होती. पाला जाळू नका, आम्हाला द्या, असं तुम्हालाही मी सांगितलं होतं. त्याने येऊन मागावा, असं तुम्ही म्हणालात. ती आपणहून देणार नाही, असं हे म्हणाले. वीस पावलांचं अंगण, पण कुणाचा पाय उचलला नाही.

प्रकृतीला जपावे. तुमची तरी अजून धड आहे.

तुमची भावजय


ता. १७ एप्रिल

चि. सौ. धाकटीस अ. आ.

तुझं पत्र वाचल्यावर मशीनवर हात चालेना. तशीच उठून छोटूच्या दारात गेले. त्याच्या हातातही तेच पत्र होतं. त्याने फावडं उचललं, मी टोपली.

ढीग टाकीजवळ नेला. माझा सगळा पाला चुरून त्यात मिसळला, पाणी मारलं, गोणपाट घातलं. पानं मोठी राहिली म्हणून तो मला बोलला. त्याला अर्धी टोपलीसुद्धा उचलवत नाही म्हणून मी त्याला बोलले. दोघांना धाप लागली तेव्हा कुठे गप्प बसलो. ड्रम भंगारात दिला. आता वास नाही, धूर नाही, माझी खिडकी दिवसभर उघडी असते. अगं, एका दुपारचं काम होतं, उगाच एवढं ताणलं गेलं.

रविवारी तो तुला न्यायला येईल. सगळं आपण एकट्याने केलं असं सांगेल, विश्वास ठेवू नकोस. आता राग सोड आणि तुझ्या घरी ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

ताई


ता. २५ एप्रिल

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

रविवारी हे आले होते. त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. ते तुम्हाला नीट सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

तुमचं पत्र मी बहिणीला वाचून दाखवत होते. एका दुपारचं काम होतं, या ओळीपाशी आले आणि धाप लागली. पुढचं तिने वाचलं.

इतके दिवस माझी समजूत होती की ते काम फार अवघड असेल. ढीग जड असेल, यांची पाठ दुखत असेल, तुमच्या हातात शिवण असेल, म्हणून होत नसेल. त्या समजुतीवर मी फावडं चालवत राहिले. काम सोपं होतं हे तुम्ही आता कळवलंत, बरं झालं. नाहीतर मी आले असते.

बहिणीने तळमजल्यावरची खोली मला दिली आहे. जिना नाही. माझे कपडे आणि औषधांचे कागद यांच्याबरोबर पाठवून द्यावेत. इथल्या फाटकापाशी ठेवले तरी चालतील.

कळावे. वाट पाहू नये.

तुमची भावजय