ताठ मान

आईस,

तुझ्या ताडमाड लेकीचा नमस्कार. मी मजेत आहे. नाक अजून थोडं सुजलंय, पण मोडलेलं नाही, तेव्हा रडत बसू नकोस.

बॉक्सिंगची पहिली लढत हरले. समोरची जेमतेम माझ्या खांद्याला लागत होती, तरी तिचे ठोसे माझ्या नाकावर बसले. ती जवळ आली की मी सवयीने वाकायचे. आपलं दार बुटकं आणि आत्याचं तोंड मोठं. "एवढ्या उंच मुलीला नवरा कुठून आणायचा?" हे ऐकत पोक काढूनच वाढले ना मी.

सर चिडले. "एवढे लांब हात असून तू डोकं तिच्या हातात नेऊन देतेस? ताठ उभी राहा. डाव्या हाताने सरळ ठोसे मारत तिला लांब ठेव."

काल दुसरी लढत झाली. तीही हरले, पण थोडक्यात. मान एकदाही खाली घातली नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे? आत्याला सांग, नवरा मिळाला तर तोही मान वर करून बघेल.

सुट्टीत येतेय. चौकटीला जुनी उशी बांधून ठेव. तुझ्या पाया पडायला वाकेन, दारासाठी नाही.

तुझीच,
ताडमाड