पायातले दाणे

१२ जुलै २०२३
आज साखर कारखान्याच्या कामावर रुजू झालो. ढोकीच्या अलीकडचं हे गाव, आणि आजपासून इथला ऊस माझा. म्हणजे लागण बघायची, नोंदी करायच्या, वेळेवर तोड आली नाही की शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. मुरुमहून निघताना आईनं दिलेला शेंगाचटणीचा डबा खोलीवर पोचेपर्यंत अर्धा झाला होता. खोली हरणाबाईंची. म्हातारी एकटीच राहते, पण बोलते चौघींचं. बांधाबांधानं हिंडायची नोकरी मिळाली याचा मला फार आनंद झालाय. खुर्चीत बसलो असतो तर पोट सुटलं असतं.

३० ऑगस्ट
बाभळीचा काटा चपलेतून आरपार तळव्यात शिरला. हरणाबाईंनी सुईनं टोकरून काढला आणि वर तापवलेल्या बिब्ब्याचा चटका दिला. मी ओरडलो तर म्हणाल्या, एवढा बापय माणूस न् काट्याला भेतो व्हय. काट्यापेक्षा बिब्बाच जास्त लागला.

१८ फेब्रुवारी २०२४
काटा गेला होता तिथं सुपारीएवढी गाठ आलीय. दुखत नाही, म्हणून हंगामाच्या गडबडीत लक्षच दिलं नाही. आज गावातल्या डॉक्टरांनी कुरूप समजून ती कापून काढली.

९ जून
कापलेल्या जागेभोवती गाठ परत आली आणि तिला तोंडं पडली. पू येतो. त्या पुवात रव्यासारखे पिवळट दाणे असतात. आज एक बोटावर घेऊन उजेडात बघितला. माझ्या अंगातून हे काय बाहेर पडतंय? हरणाबाई म्हणतात, आतलं इख निघतंय, निघू द्या.

२ ऑगस्ट
सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी मागच्या खेपेला ते दाणे तपासायला घेतले होते, पायातला खोलवरचा तुकडाही काढला होता. आज निदान झालं. मायसेटोमा. मातीतले जिवाणू काट्याबरोबर आत गेले आणि तिथंच ठाण मांडून बसले. दाणे म्हणजे त्यांचेच गोळे. असाच आजार बुरशीनंही होतो आणि तो औषधाला सहसा दाद देत नाही. माझा जिवाणूंचा निघाला, म्हणून मी नशीबवान, असं बाई म्हणाल्या. महिनोन्महिने इंजेक्शनं, गोळ्या. अनवाणी चालायचं नाही. माणसाचं माणसाला लागत नाही, लागतं ते मातीतून, काट्यातून. आई आधी रडली, मग हसली. माझा पाय वाचणार.

११ ऑक्टोबर
आई माझ्याकडंच राहायला आलीय. नवरात्रात तिनं तुळजाभवानीला नवस बोलला: लेकाचा पाय बरा होईस्तोवर पायात चप्पल घालणार नाही. मी चिडलो. डॉक्टरबाईंचं बोलणं पुन्हा पढवलं. तर म्हणाली, ते तुला सांगितलंय बाबा, म्या कुठं आजारी हाय? आणि देवीपुढं बोललेलं माघारी घेता येत नाही. माझं काम सुटलं, म्हणून ती बायांबरोबर खुरपायला जाते. तशीच, अनवाणी. सूज उतरत चाललीय, नवस लवकरच फिटेल, म्हणून मीही फार ताणलं नाही.

२१ जानेवारी २०२५
कानात सतत शिट्टी वाजते. आधी वाटलं, शेजारी कुकर लावलाय. तपासणीत कळलं, इंजेक्शनांनी कान जातायत. इंजेक्शनं बंद. गेलेलं ऐकू परत येणार नाही, हे डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दाखवलं. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

१९ एप्रिल
नवी तोंडं, पार घोट्यापर्यंत. एक्स-रेत हाड वाळवीनं खाल्ल्यासारखं दिसतं. औषध बदललं. बघू या, असं लिहून दिलं. बघू या म्हणजे काय, ते मला कळतं.

७ जुलै
पट्टी सोडायची भीती वाटते. रोज दाणे. मी उसातला माणूस — वरून तोडला तरी खोडवा फुटतोच. इथं काय वेगळं आहे —

३ सप्टेंबर
गुडघ्याखालून काढायचा ठरला. मी हो म्हणालो. आई नको म्हणते. मला ऐकू येत नाही म्हणून तिनं सावकाश, ओठ हलवून विचारलं: कापलेला पाय बरा झाला म्हणायचा का? मग नवस फेडू कसा? मी हात जोडले. आता तरी चप्पल घाल म्हणालो. ती नुसती मान हलवत राहिली. तिला हे कुणी कसं समजावायचं —

९ सप्टेंबर
उद्या सोलापूर. सकाळपासून खाटेवरच आहे. पाय पिशवीत बांधलेला. आईनं आत्ताच फरशी पुसली.

तरी उंबऱ्यापासून चुलीपर्यंत ओले ठिपके. त्यात काहीतरी —

सरकत खाली उतरलो. बोटावर घेतलं. पिवळट. माझे नाहीत. माझी पट्टी कोरडी आहे, दोनदा बघितली.

आई चुलीपाशी. लुगडं पार जमिनीला टेकवलेलं. असं ती कधीपासून नेसायला — मी बघितलंच नाही — माझ्याच पायाकडं बघत बसलो —

हाक मारली. ती वळली. उजवं पाऊल चटकन आत ओढलं. हसते आहे. काही नाही, काही नाही म्हणते आहे —

आई, तो पाय इकडं —