दांडीवरचा भार

८ नोव्हेंबर १९५६, कन्हेरी

हे परत आले. एवढं आधी लिहिते, मग बाकीचं.

इंदापूर रोडला ओढ्याच्या उतारावर ट्रेलरनं ट्रॅक्टरला मागून रेटलं. ह्यांनी ब्रेक दाबला, ट्रॅक्टर थांबायला बघतोय आणि मागचा ऊस काही ऐकेना. ट्रेलर शेपूट हलवत बाजूनं पुढं यायला लागला. कठड्याच्या अलीकडं वाळूत रुतला म्हणून थांबला. ह्यांच्या कपाळाला खोक पडलीय. चहा बशीत ओतता येईना. मी ओतला. वर म्हणतात, "काय झालं न्हाय." काही झालं नाही म्हणे!

आबा म्हणाले, "बैल असतं तर आपसूक पाय रोवून हुभं ऱ्हायलं असतं." जोडी विकून ट्रॅक्टर घेतला त्याला वर्ष होत आलं, पण सासऱ्यांच्या मनातून बैल काही गेले नाहीत. एरवी मी काहीतरी बोलले असते. आज खोक पुसायला पाणी आणायला गेले.

९ नोव्हें.

जखम उथळ आहे. हळद भरली. हे झोपले, मी नाही. सारखा तो कठडा डोळ्यांसमोर.

सकाळी विचारलं, ट्रेलरचा ब्रेक कुठं असतो?
"ट्रॅक्टरला हाय की."
ट्रॅक्टरला आहे हो, ट्रेलरला?
ह्यांनी टोपी शोधायला घेतली.

बारामतीच्या नामदेव मिस्त्रींनी लढाईतल्या जुन्या लॉरीचा आस घालून हा ट्रेलर बांधून दिला. चाकांतले ब्रेक त्यांनीच काढून टाकले, जड नको म्हणून! आणि ट्रेलरचं रजिस्ट्रेशनही नाही. ह्यांचा समज असा की ट्रॅक्टरला नंबर मिळाला म्हणजे मागं जोडलेल्यालाही मिळाला. आबांचाही तोच. "बैलगाडीला कुठं बैलाचा येगळा अन् गाडीचा येगळा नंबर असतो?"

मी आबांसमोरच सांगून टाकलं, ब्रेक बसेपर्यंत आणि ट्रेलर पास होईपर्यंत त्या उताराला जायचं नाही. डोक्यावरचा पदर सावरत बोलले, पण बोलले. फडात तोडलेला ऊस पडून आहे, वाळतोय, मला दिसत नाही का? ऊस पुढच्या वर्षी परत येईल.

हे आबांकडं बघायला लागले. वाटलं, आता बैल निघणार. आबा म्हणाले, "सूनबाई बराबर बोलती." आणि तंबाखू मळायला लागले. मला रडूच आलं, आत जाऊन भाकरी थापल्या.

१२ नोव्हें., बारामती

आज मोटारींचे इन्स्पेक्टर बारामतीला आले होते. आबा, हे आणि मी रिकाम्या ट्रेलरसह हजर, मिस्त्रीही आले. मला माहेरी जायचंय हे निमित्त. खरं तर मला ऐकायचं होतं. हे ऑफिसात गेले की अर्धं विसरून येतात.

इन्स्पे. चाळिशी लावलेले, शांत. ट्रेलरखाली वाकून बघून आले.
"हा किती वजन वाहतो?"
मिस्त्री म्हणाले, "लष्करी माल हाय सायेब. पायजे तेवढं टाका."
"पाहिजे तेवढं असं वजन नसतं." मग टायरांना हात लावून म्हणाले, आस कितीही दणकट असो, टायर जेवढं पेलतील तेवढंच. सगळ्यात कच्चा भाग असेल तो वजन ठरवणार. आणि त्या वजनात ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरायचं.

म्हणजे आपण बाभळीच्या जाड फळ्या ठोकून, वर आणखी फळ्या वाढवून ट्रेलर मजबूत केला, तेवढा ऊस कमीच झाला की! ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. फळ्या ह्यांनी स्वतः हौसेनं ठोकल्यात.

नापास. ट्रेलरला ब्रेक पाहिजे, स्वतःचा नंबर पाहिजे, रिकामं वजन आणि भरलेलं वजन बाजूला रंगवलेलं पाहिजे.

निघताना त्यांनी विचारलं, "भार कुठं टाकता?" आबा आपणहून पुढं झाले. गाडी भरण्यात आबांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. म्हणाले, "मागल्या अंगाला. भरल्या ट्रेलरची म्होरली दांडी म्या एका हातानं उचलून दावतो."
"आबा, ट्रॅक्टर म्हणजे बैल नाही. ह्याच्या पाठीवर थोडा भार हवा. नाहीतर मागची चाकं जमीन धरणार नाहीत आणि ट्रेलर शेपूट हलवेल."
शेपूट! ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं.

आबांना मात्र लागलं. बैलाच्या मानेवर जू जड होऊ नये म्हणून आयुष्यभर गाडीचा तोल सांभाळलेला माणूस. त्यांचा बैल कधी मानेला सुजला नाही, असं सासूबाई अजून सांगतात. तीच माया त्यांनी ट्रॅक्टरवर केली. चुकलं कुठं म्हणायचं?

१५ नोव्हें.

हे मिस्त्रींकडं. लॉरीच्या चाकांतले ब्रेक मिस्त्रींनी फेकले नव्हते, गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. देवा, किती बरं वाटलं. ते साफ करून, नवे पट्टे लावून बसवताहेत. ब्रेक ओढायचा दांडा ट्रॅक्टरवर ह्यांच्या हाताशी येणार.

वरच्या फळ्या काढल्या. चुलीला वर्षभर पुरतील.

ऊस वाळतोय. शेजारी विचारतात, "आजारी हाय का ट्रॅक्टर?" मी सांगते, पथ्यावर आहे.

१८ नोव्हें.

ब्रेक झाला. घरच्याच रानात भरून बघितलं. आबांनी भरला, अर्थात मागच्या अंगाला, दांडी हाताच्या तळव्यावर झेलून दाखवली आणि आमच्याकडं बघितलं. ह्यांनी दांडी तशीच ट्रॅक्टरला जोडली. कोण बोलणार?

पाटाच्या भरावावर चढताना ट्रॅक्टरची मागची चाकं जाग्यावर फिरायला लागली. माती उडतेय, पुढं काही जाईना. ह्यांनी इंजिन बंद केलं. आबा भरावावर काठी टेकून उभे. चाकांनी खणलेल्या खड्ड्यात काठी घालून बघितली.

मग काठी ठेवली, ट्रेलरवर चढले आणि मोळ्या उचलून पुढच्या अंगाला टाकायला लागले. हे मदतीला गेले तर म्हणाले, "तू बस तितंच." शेवटी खाली उतरले, ट्रेलर सपाटीला मागं घेऊन ट्रॅक्टर सोडवायला लावला आणि दांडीखाली दोन्ही हात घातले. आता ट्रेलर टेकूवर होता. दांडी हलली नाही. पुन्हा जोर केला. नाही.

"उचलंना," म्हणाले. आणि हसले! पडलेल्या दातांसकट हसले. ट्रॅक्टर जोडला तो एका दमात भरावावर.

जेवताना सासूबाईंना सांगत होते, "ह्याला मानंवर वझं आवडतं बघ. येगळीच जात हाय." किती दिवसांनी चार घास जास्त जेवले.

२२ नोव्हें., बारामती

पास!

कारखान्याच्या वजनकाट्यावर रिकामं आणि भरलेलं, दोन्ही वजनं करून आणली होती. इन्स्पे.नी ह्यांना भरला ट्रेलर चालवायला लावला आणि मध्येच हात वर केला. हे थांबले, ट्रेलरही थांबला, जागच्या जागी, सरळ. मी पदर तोंडात धरला होता तो सोडला.

ट्रेलरला आता स्वतःचा नंबर. बाजूला पांढऱ्या अक्षरांत दोन्ही वजनं. मी मोठ्यानं वाचून दाखवली. आबांना अक्षरं येत नाहीत. म्हणाले, "मला कसं कळायचं किती भरायचं?" काट्यावर भरून बघितलेला ऊस आत कुठपर्यंत आला होता ते त्यांना पाठ होतं. घरी आल्यावर चुना कालवला आणि फळ्यांना आतून आडवी रेघ ओढली. "हितपर्यंत. वर न्हाय."

आज किती हलकं वाटतंय. उगाच सगळं घर सारवून काढलं.

२४ नोव्हें.

पहिली खेप, इंदापूर रोडनंच. आबा शेजारी बसून गेले, फडात भरताना स्वतः उभं राहायचं म्हणून. मी सांगितलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी आवाज आला. मी अंगणातच होते, तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं किती पाणी घातलं कोण जाणे. दोघं उतरले. ह्यांना विचारलं, उतार?
"उतार व्हता व्हय? कळलाच न्हाय."
काय ही फुशारकी! पण आज बशीत चहा स्वतः ओतला.

२६ नोव्हें.

इंदापूरकडचे एक ऊसवाले तात्या आहेत, त्यांचा माणूस येऊन गेला. त्यांचा ऊसही आपण न्यावा. फक्त भरताना रेघेच्या वर थोडं चालवून घ्या, सगळेच घेतात, म्हणाला. हे म्हणाले, "बघू." मला हा 'बघू' माहीत आहे. भिडस्त माणूस.

मी काही बोलणार एवढ्यात आबा उठले. बाहेर गेले. थोड्या वेळानं मी बघायला गेले, तर कंदील खाली ठेवून, चुन्याचं डबडं घेऊन ट्रेलरमध्ये उभे. पुसट झालेली रेघ गडद करून झाली होती, आता आणखी एक ओढत होते. पहिल्यापेक्षा चार बोटं खाली.

"आबा, खाली का?"

"म्या संगं असन तवा वरली," म्हणाले. "ह्यो एकटा जाईल तवा खालली. भिडंपायी चार बोटं चढणारच."

उद्या हे एकटेच जाणार आहेत.