झाकण लावून काढायचे पंधरा फोटो

मल्हारगंज, इंदूर
११ मार्च

ती. प्रतापरावांस,

दिनानाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात मोकळे आहेत. ज्या वस्तूविषयी तुम्ही फोनवर तीनदा विचारलेत ती थंड आणि सुरक्षित जागी ठेवली आहे.) स्मिताताईंचा गुडघा कसा आहे? शशिकलेचा बहिणीला निरोप आहे की तिळाचे तेल कोमट करून नुसते लावायचे, चोळायचे नाही. नातीचे बारसे ठरले हे ऐकून फार बरे वाटले. तिकडे नागपुरात ऊन तापले असेल, टोपीशिवाय बाहेर पडू नका. हे पत्र मुद्दाम पोस्टाने धाडतो आहे, कारण मोबाईलवर लिहिलेले आणखी कोण कोण वाचते याविषयी माझे मत तुम्हाला ठाऊकच आहे.

दिवाळीत तुम्ही कॅमेरा आमच्याकडे विसरलात, तिथून ही सगळी हकीकत सुरू होते. राजवाड्यामागे आमच्या दिवाकर भियांचे शेव-नमकीनचे दुकान आहे. दिवसभर शेव तोलायची आणि अंधार पडला की गच्चीवर जाऊन तारे बघायचे, असा हा माणूस. त्यांनी कॅमेरा पाहिला आणि म्हणाले, "नाना, इतना बढिया माल कपाटात सडवता? चला, आर्द्रा मोजू." आर्द्रा म्हणजे मृगाजवळचा तो तांबूस, ठळक तारा. त्याचा उजेड कमीजास्त होत राहतो. देशभरातले आमच्यासारखे पन्नासेक हौशी लोक रोज संध्याकाळी त्याचे फोटो काढतात आणि पुण्याला डॉ. सुरुचीताईंकडे पाठवतात. त्या पेशाने खगोलशास्त्रज्ञ. रोहिणीशी आणि आणखी दोन ताऱ्यांशी तुलना करून त्या आर्द्रेचा उजेड आकड्यात काढतात. हे मला चटकन समजले. मिलच्या रंगाई खात्यात एकतीस वर्षे मी दुसरे काय केले? नमुन्याचा तुकडा शेजारी धरायचा आणि ताग्याची शेड उतरली की चढली ते सांगायचे.

समजले, पण पटले नाही. ज्या बाईंच्या हाताशी खोलीएवढ्या दुर्बिणी, त्यांना मल्हारगंजातल्या म्हाताऱ्याचे (आणि त्याच्या साडूच्या कॅमेऱ्याचे) काय काम? विचारले, तर म्हणाल्या की मोठ्या दुर्बिणीला हा तारा फार प्रखर पडतो, ती दिपते, शिवाय रोजच्या रोज संध्याकाळी तिला मोकळीक नसते. ही सबब मला फार सफाईदार वाटली. सफाईदार सबबीवर माझा विश्वास नाही. मिलमध्ये पक्क्या रंगाची हमी सर्वांत गोड आवाजात देणाऱ्याचाच रंग पहिल्या धुण्यात जायचा.

पुढे तर कहरच. पहिली सूचना आली की फोटो मुद्दाम धूसर काढा. आता तुम्हीच सांगा, शहाणा माणूस असे सांगेल? मी सरळ नेमके, टोकदार तारे काढून पाठवले. ते परत आले. तारा नेमका टिपला की सगळा उजेड एका ठिपक्यात कोंडतो आणि उतू जातो, जरा पसरला की मोजता येतो, असे त्यांचे म्हणणे. बरे, केले धूसर. दुसरी सूचना आली की एकसारख्या उजेडातल्या पांढऱ्या कापडाचा फोटो पाठवा. माझे धोतर गच्चीवर ताणून धरले. (शेजारच्या अमितावहिनींनी शशिकलेला हळूच विचारले की नानांना हल्ली बरे नाही का.) आणि तिसरी सूचना: कॅमेऱ्याला झाकण लावून, गडद काळोखाचे पंधरा फोटो काढा. रोज. तेव्हा माझी खात्री पटली की यात काहीतरी गोम आहे. मतलब, काळोखाचा हिशेब मागणारा माणूस उजेडाचे काहीतरी लपवतो आहे.

दिवाकर भियांनी आपल्या भाषेत समजावले. कॅमेऱ्याच्या पोटात स्वतःची थोडी खोटी चमक असते, ती झाकण लावून मोजायची आणि ताऱ्यातून वजा करायची. तूपवाला आधी रिकामा डबा तोलतो ना, तसे. एका तोलण्यावर भरवसा नको म्हणून पंधरा. आता रिकामा डबा न तोलणाऱ्या दुकानदाराशी मी भर बाजारात भांडलेला आहे, हे तुम्ही पाहिले आहे. तरीही १८ फेब्रुवारीला मी काय केले ते लिहितो. एक काळोख खरा काढला आणि नावे बदलून त्याचेच पंधरा करून पाठवले. म्हटले, काळोख तो काळोख, पुण्याला काय कळणार. आणि कळले नाही, तर यांचे मोजमाप किती पाण्यात आहे ते आपल्याला कळेल.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढवला नाही, ते जास्त लागले. म्हणाल्या, "नाना, पंधराही काळोखांत बारीक दाणे हुबेहूब तेच आहेत. खरा काळोख असा दोनदा येत नाही हो." प्रतापराव, चार महिने मी ज्या बाईंवर डोळा ठेवून होतो, त्यांनी माझा काळोखसुद्धा निरखून पाहिला होता.

आणि दैव पाहा. त्याच १८ तारखेला पुण्यावर ढग, नागपूरवर ढग (तुम्हीच फोनवर सांगितलेत), जिथे जिथे माणसे होती तिथे तिथे ढग. स्वच्छ फक्त इंदूर, आणि इंदुरात फक्त मी, कारण भिया लग्नाला हातोदला गेले होते. उजेडाने उतरत चाललेला तारा त्याच आठवड्यात पुन्हा चढू लागला की काय, हे माझ्या त्या एका संध्याकाळवर अडले आहे. ताऱ्याचे फोटो चांगले आहेत. पण खोट्या डब्याने तोललेले तूप सुरुचीताई आपल्या शोधनिबंधात घेणार नाहीत, आणि बरोबरच आहे. उपाय त्यांनीच सांगितला: तोच कॅमेरा, त्यावर लावलेले तेच आकडे, तेवढाच गारवा (ती खोटी चमक उकाड्यात वाढते म्हणे), आणि पंधरा खरे काळोख, ३० मार्चच्या आत. ते जमले तर माझी संध्याकाळ वाचेल. नाही जमले तर त्या तारखेपुढे रिकामी जागा राहील, आणि ती मी केलेली असेल.

बाकी सर्व क्षेम. स्मिताताईंना नमस्कार, बाळाला आशीर्वाद.

आपला,
दिनानाथ

ता. क. १: यावरून तुमच्या लक्षात आलेच असेल की कॅमेरा बारशाला पाठवता येणार नाही. फोटो मोबाईलने काढा. बाळाचे नेमके काढलेत तरी चालेल.

ता. क. २: थंड जागा म्हणजे आमचा फ्रिज. फेब्रुवारीचा गारवा आता मार्चमध्ये कुठून आणू? कॅमेरा श्रीखंडाच्या वरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून आहे. शशिकला माझ्याशी जेवणापुरतेच बोलते.

ता. क. ३: पुण्याच्या फॉर्मवर कॅमेरा कोणाचा असा रकाना होता. तिथे मी पहिल्याच दिवशी तुमचे पूर्ण नाव लिहिले आहे. निबंधात माझे आले तर तुमचेही येईल. आता परत मागायचा तर मागा.

ता. क. ४: मूळ मुद्दा राहिलाच. तुमच्या त्या जुन्या, याच मापाच्या कॅमेऱ्याचे झाकण हे पत्र मिळाल्या दिवशीच कुरिअरने धाडा. या कॅमेऱ्याचे झाकण १८ तारखेला, पहिला काळोख काढून होताच, माझ्या हातून सुटले आणि गच्चीच्या पन्हळीतून गडप झाले. बाकीचे चौदा म्हणून तसे केले. वाटी लावून पाहिली, लोणच्याच्या बरणीचे झाकण लावून पाहिले, कडेने उजेड शिरतो. भिया म्हणतात, फ्रिजचे दार लावले की आत काळोखच असतो, पण दार लावल्यावर आतला दिवा खरोखर विझतो हे कोणी आत बसून पाहिले आहे? हे सुरुचीताईंना मात्र कळता कामा नये. त्या मला संशयी समजतात ते चालेल, वेंधळा समजू नयेत.