तीस टक्क्यांच्या आत

३ सप्टेंबर

तीस पूर्णांक चार! साहेबांनी कागद असा धरला, जणू ती सगळी माणसं मीच विमानातून उतरवून आणली आहेत.

शहराच्या लोकसंख्येत परदेशी नागरिक किती टक्के, हे दर ऑक्टोबरात जाहीर होतं. मोजायचं काम माझ्याकडे. यंदा निवडणूक. महापौर भर सभेत ‘तीसच्या आत’ असं बोलून बसलेत. साहेब म्हणाले, “आकडा फुगलाय हो. निघून गेलेले लोक अजून आपल्या दप्तरात बसलेत. त्यांना काढा की.”

हे खोटं नाही. आल्यावर नोंद सगळे करतात. जाताना सांगायला कोण येतो?

शेजारच्या टेबलावरचा दशांश (घरच्या गप्पाही दशांशचिन्ह लावून मारतो, म्हणून दशांश) म्हणाला, “गेल्या वर्षी तू इकडची झालीस, तेव्हाच जरा खाली यायला हवा होता गं.” मी हसले. हसावं लागतं. चार वर्षांची होते तेव्हापासून इथे आहे. नागरिकत्व मिळून वर्ष झालं.

आई अजून परदेशीच. भाषेच्या परीक्षेत दोनदा नापास. तिसऱ्यांदा बसायला तयार नाही.

९ सप्टेंबर

नियम तयार झाला. चांगला आहे, स्वतःच म्हणते. माणूस शहरात राहत असेल तर मागे खूण राहते — वीज, फोन, बँक, पगार, दवाखाना, बसचा पास. दोन वर्षांत यातली एकही खूण नाही, तर माणूस गेला असं धरायचं. काही जणांना फोन करून पडताळलं. फोन लागले त्यातले बहुतेक खरोखर दुसऱ्या देशातून बोलले. एक जण तर म्हणाला, “अहो, मी अजून कुणाला आठवतो तिकडे?”

१६ सप्टेंबर

एकोणतीस पूर्णांक सहा.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

घरी आईला सांगितलं, आकडा खाली आला. म्हणाली, “ताप उतरल्यासारखं सांगतेयस!”

२४ सप्टेंबर

आई आज वास्तव्याचं कार्ड नवं करून घ्यायला गेली होती. मुदत ऑक्टोबरअखेर संपते. आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

“खिडकीवरची पोरगी म्हणते, तुम्ही शहर सोडून गेलात. म्हटलं, अगं बाई, मी तुझ्यासमोर उभी आहे! म्हणते, मला दिसताय हो काकू, पण इथे तुम्ही नाही आहात.”

हे सांगताना हसत होती. मग हसायची थांबली.

“परत घालवून देतील का गं मला?”

मी म्हटलं, चूक झाली असेल, बघते. चूक झालेली नाही. नियम जसा चालायला हवा तसाच चालला. बाबा गेले तेव्हा मीच सगळं माझ्या नावावर घेतलं. वीज, बँक, तिचा फोनसुद्धा. सुटसुटीत म्हणून. बसने ती जात नाही, चालते. गुडघ्याला मलम लावते तेही माझ्या नावावर आणलेलं. दोन वर्षांत या शहरात माझ्या आईची एकही खूण नाही.

नोंद परत लागली नाही तर सलग वास्तव्य तुटतं. वास्तव्य तुटलं की कार्ड नाही. कार्ड नाही की देश सोडायचा. तिकडे आता तिचं कोण आहे? कुणीही नाही.

२५ सप्टेंबर

खोडलेल्या नोंदी पुन्हा काढून पाहिल्या. साठीच्या पुढच्या, मुलाच्या नाहीतर मुलीच्या पत्त्यावर राहणाऱ्या बायका — साडेपाच हजारांच्या आसपास. सगळ्या आयाच असणार. सासवा, मावश्या. फोन करून पडताळताना यांच्यातली एकही लागली नव्हती. लागणार कशी? नंबर नव्हतेच.

त्यांना परत घेतलं तर तीस पूर्णांक एक.

२६ सप्टेंबर

साहेबांना सांगितलं. शांतपणे, तक्त्यासह. त्यांनी तक्ता पाहिलाच नाही.

“तुमच्या आईंचं ना? मग घाबरता काय! घरी तपासनीस पाठवतो, त्याने लिहून दिलं की राहतात, मी सही करतो. संपलं.”

“आणि बाकीच्या?”

“त्या येतील तेव्हा बघू. आधी आकडा जाहीर होऊ दे. नियमाला हात लावू नका. तुम्हीच केलाय ना? छान केलाय.”

मी ‘बरं’ म्हटलं. एकच शब्द, तोही लगेच.

३० सप्टेंबर

तपासनीस आज येऊन गेला. तरुण, नम्र. बूट दाराबाहेर काढले.

“काकू, तुमची खोली कुठली?”

आई म्हणाली, “हीच की.” म्हणजे बैठकीची. तिची घडीची खाट सकाळीच कपाटामागे जाते. मला खोली मोकळी लागते.

“कपडे?”

माझ्या कपाटाचा खालचा खण. त्यातही अर्ध्यावर माझे हिवाळ्याचे कोट.

“दात घासायचा ब्रश वगैरे?”

तो एका पिशवीत. पिशवी दाराच्या खुंटीला. न्हाणीघरातल्या फळीवर गर्दी नको, असं मी कधीतरी म्हटलं होतं. मला आठवतही नव्हतं. तिला आठवत होतं.

दारावर एकच नाव, माझं. त्याने तेही पाहिलं. मग लिहायला लागला. लिहिताना कानाची पाळी ओढत होता.

“ताई, राग मानू नका. जे दिसतं तेच लिहावं लागतं.” आणि वाचून दाखवलं — कायम वास्तव्याच्या खुणा आढळल्या नाहीत. व्यक्ती पाहुणी म्हणून राहत असावी.

“पाहुणी!” आई म्हणाली. “बघा, एवढी वर्षं शब्द सापडत नव्हता.”

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

१ ऑक्टोबर

साहेबांनी तपासनिसाचा अहवाल बाजूला सारला आणि सही केली. “माझ्यावर विश्वास आहे ना? झालं तर मग.” आईची नोंद परत आली. एकीची. टक्का हललाही नाही.

कार्ड मिळेल. आईला फोनवर सांगितलं. “बरं,” म्हणाली. मी म्हणते तसंच.

५ ऑक्टोबर

खाट आता आत आण, माझ्या खोलीत टाकू, असं म्हटलं. खालचा खण रिकामा केला. दारावर दोन्ही नावांची पाटी करू म्हटलं.

“कशाला? तपासणी झाली की.”

भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. इतकंच विचारलं, “खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीची सासू आहे ना, तिलाही ती पोरगी ‘तुम्ही नाही’ म्हणाली. तिचं कोण करणार?”

मी सांगितलं, तिने अर्ज करावा.

“आणि तिच्याकडे खुणा नसल्या तर?”

मी कपड्यांच्या घड्या करत होते. करत राहिले.

१४ ऑक्टोबर

आकडा जाहीर. एकोणतीस पूर्णांक सहा. महापौरांनी दोनदा उच्चारला. माझ्या बढतीचं पत्र निघणार म्हणे. दशांश म्हणाला, “आता तुझ्याशी पूर्णांकातच बोलायला हवं!”

आईचं कार्ड आज टपालाने आलं. तिने पाकीट स्वतः फोडलं. मला दाखवलं नाही. चार दिवस ती दुपारी कुठेतरी जातेय. विचारलं तर म्हणते, पाय मोकळे करायला.

१९ ऑक्टोबर

आई गेली. तिकडे नाही, तीन गल्ल्या पलीकडे. शिंपिणीच्या ओळखीने खोली मिळाली, कपड्यांना काजं-बटणं लावायचं कामही. ट्रंक एकटीने जिन्यावरून उतरवली. मला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी गेले होते. खोली लहान आहे. खाट मधोमध, उघडी. ब्रश बेसिनवर. अडीनडीला असावी म्हणून एक किल्ली मला दे म्हटलं.

“किल्ली कशाला? बेल वाजव. मी असते.”